वऱ्हाडचे ऊन आणि विजेची मोटार

वऱ्हाडच्या इतिहासाचे पुस्तक उघडले म्हणजे १८०३ साली गाविलगड इंग्रजांच्या हाती कसा पडला, १८५३ साली निजामाने हा मुलूख त्यांच्या ताब्यात कसा दिला, हे सविस्तर वाचावयास मिळते. परंतु ज्या एका शत्रूशी या प्रांतातील प्रत्येक घराला दरसाल झुंजावे लागते, त्या उन्हाची हकीकत अशा पुस्तकांत सहसा आढळत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जाणे हे तेथील लोकांस नवलाचे वाटत नाही. २०१९ च्या एप्रिलअखेरीस तर तो ४६ अंशांच्याही वर चढला होता. आता अकोला व अमरावती या शहरांतील घरांच्या दारी विजेवर चालणारी मोटार येऊन उभी राहू लागली आहे, आणि या जुन्या शत्रूशी तिलाही गाठ घालावी लागत आहे. तिच्या रक्षणाचा विचार करताना या भूमीचा पूर्वानुभव चाळून पाहणे उपयोगी ठरेल.

नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला तो १८६७ साली. त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. लोहमार्ग आल्यावरही खेड्यातून बाजारपेठेपर्यंत गाडी हाकावयाची ती बैलांनीच. उन्हाळ्यात शहाणा गाडीवान रात्री किंवा पहाटे वाट चाले, आणि ऊन तापले की निंबाच्या सावलीत गाडी सोडी. दूरवरून आलेल्या बैलापुढे तो लगेच भरपूर आंबोण ठेवीत नसे. आधी त्याचे अंग निवू देई. वाहनाचे बळ टिकवावयाचे तर त्याला सावली, वारा आणि योग्य वेळ या तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत, हा नियम त्याला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होता.

घरबांधणीतही हेच शहाणपण दिसून येते. जुन्या वऱ्हाडी घराच्या मातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद असत, वर धाब्याचे किंवा कवेलूंचे छप्पर असे. दुपारचे ऊन त्या भिंतीत शिरे खरे, परंतु तिच्या आतल्या अंगास पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि तेव्हा त्याचा जोरही पुष्कळ ओसरलेला असे. गोठ्याला तुराट्यांचा कूड असे. त्यातून सावलीही मिळे आणि वाराही खेळे. सधन घरांत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून झळ अडविली जाई.

विजेची मोटार ही अगदी आजची वस्तू आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने १८९९ साली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्याच गाडीतून. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश मोटारी विजेच्या होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, फोर्डची स्वस्त मोटार १९०८ साली निघाली, आणि १९१२ साली हात न लावता एंजिन सुरू करण्याची सोय झाली. तेव्हा विजेची मोटार मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीमुळे. भारतात २००१ साली बंगळूरची ‘रेवा’ रस्त्यावर आली, ती मात्र शिशाच्या बॅटरीवर चालणारी होती. २०२० साली टाटांची ‘नेक्सन’ विजेवर धावू लागली आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत या वाहनाचा खरा शिरकाव झाला.

या मोटारीत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बॅटरी. मनुष्यास जे हवामान मानवते, बहुधा तेच तिलाही मानवते. वीस ते तीस अंशांच्या आसपास ती सुखी असते. उष्णता वाढली की तिच्यातील नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि वीज साठविण्याची शक्ती कायमची घटत जाते. त्यातून ती काठोकाठ भरलेली असली आणि तशीच तापत पडली, तर ही झीज अधिक होते. म्हणजे दुपारी तासभर उन्हात धावण्यापेक्षा, पूर्ण भरलेल्या स्थितीत दिवसचे दिवस भट्टीसारख्या खोलीत उभे राहणे तिला अधिक जाचते.

याचा धडा वऱ्हाडसारख्याच तप्त अशा अमेरिकेतील ॲरिझोना प्रांताने घेतला आहे. २०१० साली निघालेल्या निस्सानच्या ‘लीफ’ मोटारीत बॅटरी थंड करण्यासाठी द्रवाची योजना नव्हती. २०१२ साली फीनिक्स शहरातून तक्रारी येऊ लागल्या की, थोड्याच काळात या गाड्यांचा पल्ला लक्षणीय घटला आहे. पुढे कंपनीने क्षमतेची हमी दिली आणि उष्णता अधिक सोसणारी बॅटरी तयार केली. आजच्या बहुतेक मोटारींत द्रवाने थंडावा देण्याची व्यवस्था असते. परंतु ती व्यवस्था उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ बाहेर टाकते. ज्या हवेत टाकावयाची ती हवाच कोंडलेली व तापलेली असेल, तर यंत्राने तरी किती झगडावे?

आणि येथेच आजच्या घराचा दोष पुढे येतो. शहरातील गॅरेज म्हणजे वर सिमेंटचा स्लॅब, तीन बाजूंस विटांची भिंत आणि पुढे लोखंडी शटर. वीतभरही जाड नसलेला तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. रात्री नऊला अंगणात वारा सुटलेला असतो, तेव्हाही आत काहिली असते; आणि नेमक्या त्याच वेळी मालक गाडी आत घालून शटर ओढतो व चार्जिंग सुरू करतो. चार्जिंगमध्ये विजेचा काही अंश उष्णता होऊन वाया जातो, तीही तेथेच साचते. त्यापेक्षा चारी बाजूंनी मोकळा पत्र्याचा मांडव रात्री अधिक थंड असतो, कारण पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतोही.

यावरील उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, म्हणजे बरेचसे ऊन परत फिरते. भिंतीत खाली एक व छताजवळ एक अशी समोरासमोर झरोक्यांची जोडी ठेवावी; गरम हवा वरून निघून जाते आणि खालून थंड हवा येते. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवावा किंवा तुराट्यांचा आडोसा उभारावा. दिवसा शटर बंद ठेवावे, रात्री जाळीचे दार लावून वारा आत घ्यावा. बाहेरून आलेली गाडी निवू द्यावी आणि चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतरची, पहाटे संपेल अशी लावावी. रोजच्या वापरास ऐंशी टक्क्यांचा भरणा पुष्कळ होतो. मात्र काही प्रकारच्या बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण भराव्या लागतात, तेथे गाडीबरोबरच्या पुस्तिकेची आज्ञा पाळावी. सुटीत गावी जावयाचे असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी.

कूलर लावावा काय, असा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. पाण्याच्या बाष्पाने हवा निवविणारे हे यंत्र ॲरिझोनातच १९३० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाले, आणि कोरड्या हवेमुळे वऱ्हाडातही ते घरोघर रुजले. परंतु हवा बाहेर जाण्यास वाट नसेल तर तो गॅरेजात नुसता दमटपणा वाढवितो. शिवाय पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी वापरले तर ताट्यांवर क्षार बसतो. आणि उन्हाळ्यात जेथे माणसांनाच पाणी जपून वापरावे लागते, तेथे ते मोटारीसाठी उडविणे शोभणारे नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक या एका वाहनात गुंतलेली असते. ती उन्हाने हळूहळू खाऊन टाकली तरी आवाज होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत येण्याइतके बळ उरले नाही, की मग ते ध्यानात येते. वऱ्हाडच्या मागच्या पिढ्यांनी उन्हाला जिंकण्याचा हट्ट कधी धरला नाही; त्याची वेळ चुकविली आणि वाऱ्याला वाट ठेवली. नवतपाचे नऊ दिवस यंदाही येतील आणि पुढील सालीही येतील. त्यापूर्वी गॅरेजच्या भिंतीत दोन झरोके पाडून घेणे, हे बॅटरी बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडेल.