मैदान जातं म्हणजे नेमकं काय जातं?

मुखेडमध्ये बसून बेसबॉलची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१३ साली एबेट्स फील्ड हे स्टेडियम सुरू झालं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू तिथं डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फुटली. पुढं मालकाला नवं स्टेडियम हवं होतं, जागेवरून शहराशी जमलं नाही. १९५७च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिसला गेला. १९६० मध्ये स्टेडियम पाडलं. आज तिथं राहत्या इमारती आहेत.

आता आपल्या मुंबईत या. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. १९४९च्या फेब्रुवारीत तिथंच वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी जिंकायला भारताला अवघ्या सहा धावा कमी पडल्या. पण स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि मुंबईचं क्रिकेट चालवणार मुंबई क्रिकेट असोसिएशन. कुणाला किती जागा, यावरून वाद पेटला. असोसिएशननं हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर थेट डिसेंबर २००९ मध्येच कसोटी झाली. तेव्हा सेहवागनं २९३ धावा काढल्या.

आता प्रश्न असा, की या दोन्हींत नाहीसं कोणतं झालं? एकाची वीटसुद्धा उरली नाही, पण रॉबिन्सनमुळं त्याचं नाव जगाच्या तोंडी आहे. दुसऱ्याचं गवत रोज कापलं जात होतं, तरी छत्तीस वर्षं कसोटीच्या प्रेक्षकाला ते नव्हतंच. म्हणजे मैदान हे निव्वळ वस्तू नव्हे. खेळणारा, पाहणारा आणि जागा यांच्यातला तो एक संबंध आहे. संबंध तुटला की भिंती उभ्या असूनही मैदान जातं.

आणि हा संबंध तुटतो कशावरून? बघा, १९३७ सालीच, नव्याकोऱ्या ब्रेबॉर्नवर, धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघ बाजूला झाला, तोही प्रेक्षकांच्या जागावाटपावरूनच. भांडण खेळाचं नव्हतंच, खुर्चीचं होतं.

म्हणून सांगतो, आपल्या तालुक्यातलं एखादं मैदान उद्या बांधकामाखाली गेलं, तर नुसते चौरस फूट मोजू नका. तिथं कोण खेळत होतं, कोण बसत होतं आणि कुणाला कुंपणाबाहेर उभं राहावं लागत होतं, हे आधी विचारा. मैदानाचा खरा इतिहास तिथं असतो.