इसारपावतीवर उभी राहिलेली तेजी

जागेत पहिल्यांदाच पैसा घालणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: इथले भाव चढतील का? न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये भाड्याने देण्यासाठी दुसरे घर शोधणारी मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. 1925 च्या सुमारास फ्लोरिडात या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच होते आणि ते काही काळ खरेही ठरले. तरीही हजारो लोक बुडाले, कारण पुढचे गिऱ्हाईक आलेच नाही तर हप्ता कशातून भरायचा, हे त्यांनी विचारलेच नव्हते.

ती तेजी हवेतून उगवलेली नव्हती. हेन्री फ्लॅगलर यांची रेल्वे 1896 मध्ये मायामीला पोचली होती, मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली होती आणि 1924 मध्ये फ्लोरिडाने आयकर व वारसाकर यांना राज्यघटनेतच बंदी घातली. कार्ल फिशर यांनी खारफुटीवर वाळूचा भराव टाकून मायामी बीच उभे केले. जॉर्ज मेरिक यांनी आखीव रस्त्यांचे, बागांचे कोरल गेबल्स वसवले आणि त्याची महती गायला विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यासारखा नामांकित वक्ता पगारावर ठेवला. व्यवहार मात्र जमिनीपेक्षा कागदाचा जास्त होता. साधारण दहा टक्के इसार देऊन पावती घ्यायची, पुढचा मोठा हप्ता महिन्याभराने, बाकी रक्कम दोन-तीन वर्षांत. तो मोठा हप्ता येण्याआधीच पावती नफ्यावर दुसऱ्याला विकायची, त्याने तिसऱ्याला. प्लॉट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस या साखळीत क्वचितच असे, आणि प्रत्येकाचा नफा पुढच्याच्या न भरलेल्या हप्त्यात अडकलेला असे. शेवटचा खरेदीदार थकला की जमीन साखळीतून उलटी परत येई, आणि येताना थकलेले कर डोक्यावर घेऊन येई.

या पडझडीचे खापर अनेकदा सप्टेंबर 1926 च्या चक्रीवादळावर फोडले जाते. वादळ भीषण होते यात शंका नाही, पण कालक्रम वेगळे सांगतो. 1925 च्या शरद ऋतूतच मालाची इतकी कोंडी झाली होती की रेल्वे कंपन्यांनी अत्यावश्यक वस्तूंखेरीज इतर मालवाहतूक रोखली. जानेवारी 1926 मध्ये ‘प्रिन्स वाल्डेमार’ हे जहाज मायामी बंदराच्या तोंडाशीच कलंडले आणि बांधकामाच्या सामानाची ती वाटही बंद झाली. त्या वसंतापर्यंत नवे खरेदीदार आटले होते. वादळाने आधीच खचलेली भिंत पाडली. मायामीच्या बँकांमधून वटलेल्या चेकची रक्कम 1925 मध्ये सुमारे 106 कोटी डॉलर होती, 1928 मध्ये ती जेमतेम 14 कोटींवर आली.

दुसरा आक्षेप असा की लोकांना ठगांनी लुबाडले. ठग होतेच. चार्ल्स पॉन्झी ‘जॅक्सनव्हिलजवळ’ म्हणून जे प्लॉट विकत होता, ते शहरापासून सुमारे 65 मैलांवर होते. पण मेरिक ठग नव्हते. त्यांनी वसवलेले शहर आजही देखणे आहे, आणि तरीही ते त्यांच्या हातातून गेले. 1940 मध्ये ते मायामीचे पोस्टमास्तर झाले आणि 1942 मध्ये वारले. जमीन अस्सल, माणूस सचोटीचा, इतके असूनही येणी थांबल्यावर देणी भागेनात. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, ज्यांनी जमीन धरून ठेवली त्यांचे पुढे सोनेच झाले ना? झाले, पण धरून ठेवण्याचाही खर्च असतो. त्या काळी गहाणकर्जे बहुधा तीन ते पाच वर्षांची असत आणि मुद्दल मुदतीअखेर एकरकमी फेडावे लागे, म्हणजे नेमक्या मंदीतच बँक दाराशी. 1934 मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाल्यानंतर मासिक हप्त्यांत मुद्दल फिटत जाणारी लांब मुदतीची कर्जे रुळली. आजच्या नवख्याला तीस वर्षे एकाच व्याजदराने फेडायचे कर्ज मिळू शकते, ही त्याची फार मोठी सोय आहे. प्रॉपर्टी टॅक्स आणि विम्याचा हप्ता मात्र तीस वर्षे एका जागी थांबत नाहीत. म्हणून घर पाहायला जाण्याआधी कर, विमा, डागडुजी आणि भाडेकरूविना जाणारे दोन-तीन महिने वर्षाच्या भाड्यातून वजा करावेत, आणि उरलेल्या रकमेत कर्जाचा हप्ता बसत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा, त्या भागात भाव कितीही चढत असले तरी.