जामीन माणसाचा की सातबाऱ्याचा?

जुन्या मराठी कागदपत्रांत जामिनाचे दोन निराळे प्रकार भेटतात. एक हाजीरजामीन, दुसरा मालजामीन. पहिला सांगतो, ‘बोलवाल तेव्हा या माणसाला हजर करीन.’ दुसरा सांगतो, ‘याच्याकडचे पैसे बुडाले तर मी भरीन.’ आज फौजदारी न्यायालयात आरोपीसाठी उभा राहतो तो खरे तर हाजीरजामीन. पण त्याच्याकडे मागितला जातो सातबारा, घराचा उतारा, ऐपतीचा दाखला!

हिंगोली जिल्ह्यातला एखादा भूमिहीन मजूर डोळ्यांसमोर आणा. उचल घेऊन तो ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला. तिथे भांडणात त्याचे नाव आले. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण जामीनदार हवा स्थानिक आणि मालमत्तेचा. भाऊ धावत येतो. त्याची दोन एकर जमीन मात्र सेनगाव तालुक्यात. मग जामीन मिळूनही माणूस तुरुंगातच राहतो. कोयता थांबतो, उचल फिटायची राहते.

१९७८ साली मोतीराम या गरीब गवंड्यावर हीच वेळ आली होती. मध्य प्रदेशातील दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाची हमी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट चुकीची ठरवली आणि त्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले.

जिल्ह्याची हद्द म्हणजे तरी काय? १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आदल्या दिवसापर्यंत एकाच जिल्ह्यातले असलेले वसमतचे आणि परभणीचे सोयरे एका रात्रीत परजिल्ह्यातले झाले. नाती तीच, भरवसाही तोच.

जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, हे १८९८ च्या फौजदारी संहितेतही लिहिलेले होते. तरी १९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारमधले असे कच्चे कैदी समोर आले, की ज्यांनी शिक्षेच्या कमाल मुदतीहून अधिक काळ खटल्याविनाच काढला होता. न्यायमूर्ती भगवती यांनी जातमुचलक्याचा मार्ग मोकळा केला. पुढे २००५ च्या दुरुस्तीने ठरले, की जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन समजावा आणि त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. जामीन होऊनही महिनाभरात सुटका झाली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले.

कायदा हळूहळू वळला. सवय वळायला वेळ लागतो. म्हणून एक गोष्ट गावोगाव माहीत हवी. कोठडीतल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. घरच्यांनी तिथे अर्ज करावा आणि जामिनाच्या अटी कमी करून मागाव्यात.

तारखेला माणूस हजर राहावा, एवढाच जामिनाचा हेतू. बायकापोरे, घर आणि गाव ज्याला परत बोलावतात, त्याची हमी सातबाऱ्याहून कमी का मानायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)