वाफसा न आलेला वसंत

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन उभी राहते. तरीही आपल्या भाषेने 'ओला दुष्काळ' हा शब्दप्रयोग घडवला आहे. त्याच्या जोडीला शेतकऱ्याच्या तोंडचा 'वाफसा' हा शब्द ठेवला, की युरोपच्या मध्ययुगीन इतिहासातील एक प्रकरण अधिक नीट वाचता येते, असे आम्हांस वाटते.

१३१५ च्या वसंतात वायव्य युरोपात पाऊस सुरू झाला आणि उन्हाळाभर थांबला नाही. फ्रान्सचा राजा दहावा लुई फ्लँडर्सवर चालून गेला, पण त्याचे सैन्य चिखलात रुतले. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड ऑगस्टमध्ये सेंट अल्बन्सला मुक्कामास होता; तेथे त्याच्या परिवारालाही पाव मिळणे कठीण झाले. इतिवृत्तकारांनी राजांच्या या अडचणी नोंदवल्या आहेत. आमचे कुतूहल मात्र त्यापुढच्या, १३१६ च्या वसंताविषयी आहे. कारण तोही ओलाच उगवला.

इंग्लंडच्या बऱ्याच भागात तेव्हा तीन शिवारांची पद्धत होती. एका शिवारात शरदात गहू किंवा राय पेरायची, दुसऱ्यात वसंतात जव, ओट व वाटाणा, आणि तिसरे पडीक ठेवायचे. गरिबाच्या ताटातले पुष्कळसे धान्य वसंतातल्या पेरणीतून येई. पाऊस उघडून जादा पाणी निथळले, जमीन ना चिखल ना ढेकूळ अशा स्थितीत आली, म्हणजे वाफसा आला. त्याआधी भारी जमिनीत नांगर घातला तर माती थापली जाते, तिचे घट्ट ढेकळे होतात आणि टाकलेले बी कुजते. थांबावे तर हंगाम निघून जातो.

येथे एक साधे गणित मांडले पाहिजे. त्या काळी पेरलेल्या धान्याच्या चौपट पीक आले तरी ते बरे मानले जाई. चार पोती आली, तर एक बियाण्याला आणि तीन खाण्याला. पीक निम्म्यावर येऊन दोनच पोती आली, तरी बियाण्याचे एक पोते तेवढेच लागते. खाण्याला उरते एक. म्हणजे पीक निम्मे झाले की अन्न तिसऱ्या हिश्श्यावर येते. जमीनदाराचा वाटा आणि चर्चचा दशांश यात अजून धरलेलाच नाही. १३१६ च्या वसंतात शेतकरी कुटुंबापुढचा पेच हा होता : उरलेले पोते मुलांच्या तोंडी घालायचे, की वाफसा न आलेल्या मातीत टाकायचे?

कोणत्या घराने काय ठरवले, हे कागदांत सापडत नाही. विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीचे लॅटिन हिशेब तेराव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध आहेत. पीक का घटले याचा जाब कारभाऱ्याला द्यावा लागे, म्हणून तो पावसाचे कारण नोंदवी. जे. झेड. टिटो या अभ्यासकाने या नोंदी वेचून त्या काळच्या हवामानाचा इतिहास उभा केला. पण हे हिशेब बिशपच्या खासगी शेतीचे. कुळाच्या पट्ट्यावर तोच पाऊस पडला, तरी त्याला लेखी जाब विचारणारे कोणी नव्हते. कुळाचे नाव आढळते ते जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरात. दुष्काळाच्या वर्षांत तेथे जमिनीचे लहान लहान तुकडे विकल्याच्या नोंदी वाढतात. पेरणीची नोंद नाही, विक्रीची आहे. सावकारी गहाणखतांवरून आपल्याकडील शेतकऱ्याचा इतिहास वाचणाऱ्यांना हे अपरिचित वाटू नये. पुढे १३१९ च्या सुमारास गुरांची साथ इंग्लंडात पोहोचली आणि नांगराचे बैलही गेले.

साहित्याने याचे काय केले? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात सत्याची वाट विचारणाऱ्या यात्रेकरूंना नांगरधारी पिअर्स सांगतो, की आधी माझे अर्ध्या एकराचे रान नांगरून पेरून होऊ दे. कामचुकारांना वठणीवर आणण्यासाठी तो भुकेला हाक मारतो. भूक येथे आळसाची शिक्षा ठरते. हिशेबाचा कागद पावसाकडे बोट दाखवतो, काव्य माणसाच्या वर्तनाकडे. अध्यापनात आपण दुसऱ्या स्पष्टीकरणाला अधिक खोल मानत आलो. पण ज्याचे बी चिखलात कुजले, त्याला आळशी ठरवणे हा अन्यायच आहे.

लँगलंडला हे अगदीच उमगले नसेल असे मात्र म्हणवत नाही. त्याच प्रकरणाच्या अखेरीस तो पूर आणि खराब हवामान यांमुळे पीक बुडेल, भूक परत येईल, असा इशारा देतो. तेथे आळसाच्या शेजारी पाऊसही येऊन उभा राहतो. हे काव्य शिकवताना आपण त्या शेवटच्या ओळींपाशी थोडे थांबावे, आणि विद्यार्थ्यांना आधी वाफसा म्हणजे काय ते सांगावे.