उल्हास खाडीवरचे बंदर

कल्याणचे बंदर समुद्रापासून बरेच आत, उल्हास नदीच्या खाडीवर आहे. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर आणि शहाडवरून इथे येते आणि तिला वसईच्या खाडीची भरती भेटते. भरतीला गलबत वर आणायचे, ओहोटीला खाली सोडायचे. उघड्या समुद्राच्या लाटा इथवर पोचत नाहीत, आणि मागे मुरबाडवरून नाणेघाट चढला की जुन्नर-पैठणची वाट मोकळी.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर ‘कल्लिएना’ नावाने येते. सत्ता पालटल्यावर इथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रार त्यात आहे. घाटातल्या व्यापारासाठी राजे किती अटीतटीने भांडत, हे त्यावरून दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराने दान दिलेल्या पाण्याच्या पोढीचा, म्हणजे टाक्याचा, लेख आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकानेही या बंदराची नोंद केली. पुढे शिलाहारांच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये, कल्याणजवळच वालधुनी नदीकाठी अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण झाले.

बंदराचा सर्वांत तेजस्वी काळ मात्र १६५७ नंतरचा. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत लढाऊ जहाजे बांधायला सुरुवात केली. खाडीच्या तोंडाशी वसईत पोर्तुगीज बसले होते. ही जहाजे समुद्रात निघू द्यायची नाहीत, असा त्यांचा बेत १६५९ च्या पत्रव्यवहारात दिसतो. तरीही आरमार उभे राहिले. काठावरचा दुर्गाडी किल्ला त्या दिवसांची आठवण आहे.

बंदर शांत झाले ते रेल्वेमुळे. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर देशावरचा माल खाडीकडे न वळता थेट बोरीबंदरला जाऊ लागला. गाळानेही पात्र उथळ केले. काठाला पुढे रेतीबंदर हे नाव पडले, कारण गलबतांऐवजी तिथे उपसलेली रेती उतरू लागली.

८ ऑगस्ट १९४९ रोजी सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला उल्हासनगर नाव मिळाले, ते याच नदीवरून. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई या पाणवाटेला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून मान्यता मिळाली.