‘बघतो, कळवतो’ची किंमत

वकिलाच्या ऑफिसात ‘बघतो, पार्टनरशी बोलतो’ असं ऐकलं, की आपण काय समजायचं? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० साली हाच प्रश्न होता.

१९७१ मध्ये तिथल्या एका माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर उपचार झाले. त्यातून त्याचा उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याची बायको एका वकिलाला भेटली. पाऊण-एक तास बोलणं झालं, वकिलाने टिपणं काढली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो शेवटी म्हणाला, ‘केस होईल असं वाटत नाही, पण पार्टनरशी बोलतो.’ तिने काही दिवस वाट पाहिली. फोन आला नाही. म्हणजे केस नाहीच, असं तिने धरलं.

डॉक्टरांवर दावा लावायची मुदत दोन वर्षांची होती. ती दुसऱ्या वकिलाकडे गेली ते वर्षभराने. तोवर मुदत टळली होती.

मग तिने पहिल्या वकिलावरच दावा लावला. त्याची बाजू अशी: दुसऱ्याचा सल्ला घ्या, असं मी सांगितलं होतं. फीचं बोलणं नाही, बिल नाही. मग ही माझी पक्षकार कशी? ज्यूरीने तिच्यावर विश्वास ठेवला. वेळेत दावा लागला असता तर तो जिंकला असता, हेही मान्य केलं. नवरा-बायकोला मिळून ६,४९,५०० डॉलर मंजूर झाले. वरच्या न्यायालयाने निकाल कायम ठेवला: सल्ला मागितला, दिला, तिने तो मानला, एवढं पुरे.

मला यातली खरी चूक बोलण्यातली वाटते. पुरेसा तपास न करता मत दिलं, आणि मुदतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन ओळींचं पत्र पुरलं असतं: ‘तुमचं काम आम्ही घेत नाही. दाव्याला मुदत असते. लगेच दुसरा वकील गाठा.’ काम न घेतल्याचं असं पत्र देण्याचा सल्ला तिथल्या वकिलांना आजही हाच खटला सांगून दिला जातो.

आपल्याकडे १४ मे २०२४ च्या निकालाने वकिलांना ग्राहक न्यायालयातून वगळलं. पण निष्काळजीपणासाठी वकिलावर दावा लावता येतो. तरी कोर्टात जाण्यापेक्षा दोन प्रश्न स्वस्त पडतात. वकिलाकडून उठण्याआधी विचारा: ‘केस घेतली का? मुदत कधी संपते?’ उत्तर मेसेजवर मागा.