टायमिंग बांधण्याची विद्या : विहिरीवरच्या इंजिनापासून मारुतीच्या पट्ट्यापर्यंत

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. पिस्टन वर-खाली होत असताना हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह आपापल्या वेळी उघडावेत आणि मिटावेत, यासाठी हे दोनास एक प्रमाण इंजिन चालू असेपर्यंत टिकावे लागते. ते जुळवून देण्याला गॅरेजात ‘टायमिंग बांधणे’ किंवा ‘टायमिंग लावणे’ म्हणतात. कोरेगाव, रहिमतपूर आणि पुढे सांगलीपर्यंतच्या मुलखात ही विद्या मोटारीबरोबर आली नाही. ती आधी शेतात, विहिरीच्या काठावर आली.

त्याला कारण हा मुलूखच आहे. धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये साताऱ्यात लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारे बनवणारा कारखाना काढला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. 1930च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिन बाहेर पडले. देशात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. कोरेगाव स्टेशनावरून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, औंध संस्थानाच्या हद्दीतल्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती. तिथून नांगर आणि पंप येत राहिले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला 1500 फेऱ्यांचे एव्ही-1 इंजिन गावोगाव पोचले. कोरेगाव तालुक्यात पावसाचा भरवसा कमी आणि विहिरींचा आधार मोठा. मोटेची जागा इंजिनाने घेतली, आणि इंजिन दुरुस्त करणारा फिटर गावगाड्यातला नवा कारागीर झाला.

या इंजिनांत क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये दातेरी चाके, म्हणजे गिअर, असत. टायमिंगची खूण अगदी साधी होती. लहान गिअरच्या एका दातावर ठिपका, मोठ्या गिअरवर दोन शेजारच्या दातांवर ठिपके. एक ठिपका त्या दोघांच्या मध्ये बसवला की काम झाले. मोठ्या गिअरला लहानाच्या दुप्पट दात असत, म्हणून दोनास एक हे प्रमाण आपोआप राखले जाई. अडचण यायची ती खुणा झिजल्या किंवा जुन्या इंजिनात दुसरीकडचा गिअर घातला तर. मग फिटर फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवून पिस्टन माथ्यावर आणत असे. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा माथ्यावर येतो, एकदा दाब घेऊन आणि एकदा धूर बाहेर ढकलून. धूर बाहेर जाण्याचा स्ट्रोक संपताना धुराचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि हवेचा नुकताच उघडू लागतो. दोन्ही रॉकर त्या क्षणी थोडे थोडे हलतात. खूण नसलेल्या इंजिनाचे टायमिंग याच हालचालीवरून बांधता येते. पुस्तकाशिवाय, डोळ्याने आणि बोटांनी शिकलेली ही गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली, आणि या भागातल्या यंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना तिला कारखान्यांइतकेच महत्त्व द्यायला हवे.

रस्त्यावरच्या मोटारी त्या काळी थोड्याच. मुंबईत प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली फियाट 1100, पुढे पद्मिनी नावाने ओळखली गेलेली तीच गाडी, आणि अँबॅसिडर या दोन गाड्यांवर फिटरांची एक पिढी शिकली. दोन्हींत कॅमशाफ्ट इंजिनाच्या कुशीत असे आणि क्रँकशी साखळीने, म्हणजे टायमिंग चेनने, जोडलेला असे. चेन तेलात चालते. ती सैल झाली की पुढच्या झाकणाआडून खडखड ऐकू येते आणि मालकाला पुष्कळ दिवस आधी सूचना मिळते. चार सिलिंडरच्या या इंजिनांत विहिरीवरची युक्ती आणखी सोपी झाली. पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच माथ्यावर येतात. म्हणून चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलताना दिसले की पहिला दाबाच्या माथ्यावर आहे हे पक्के. तिथे डिस्ट्रिब्युटर बसवायचा.

याच काळात साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली होती. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नसतात, म्हणून कॅमचे टायमिंगही नाही, ठिणगीची वेळ तेवढी लावायची. स्कूटरवर शिकलेल्या मुलाला मोटारीच्या हेडखाली शिरताना त्यामुळे नव्याने धडे घ्यावे लागत.

पट्ट्याची कल्पना युरोपातून आली. जर्मनीच्या ग्लास कंपनीने 1962 च्या सुमारास आपल्या 1004 या छोट्या गाडीत कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी रबराचा दातेरी पट्टा वापरला. 1966 मध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाटसाठी आखलेल्या दोन कॅमच्या इंजिनाने ती पद्धत मोठ्या उत्पादनात आणली. पट्टा हलका, स्वस्त आणि जवळजवळ निःशब्द. त्याला तेल लागत नाही. भारतात ही पद्धत घरोघर पोचवली ती डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आलेल्या मारुती 800 ने. तिचे 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन डोक्यावर कॅमशाफ्ट घेऊन आले आणि तो पट्ट्याने फिरत होता. तालुक्याच्या गावात डॉक्टर, शिक्षक, बागायतदार यांच्या दारात जी पहिली मोटार उभी राहिली ती बहुतेक हीच.

पट्ट्याचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. चेन बोलते, पट्टा बोलत नाही. कॅमच्या सीलमधून तेल झिरपले की रबर फुगते, दात मऊ पडतात, आणि एके दिवशी चालत्या गाडीचे इंजिन एकदम बंद होते. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा मोकळे, भरभर फिरते, कारण दाब धरला जात नाही. जुन्या 800 मध्ये याची खात्री करण्याची सोपी रीत आहे. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकावर बसतो. त्याचे झाकण काढून स्टार्टर मारायचा. आतला रोटर जागचा हलला नाही तर पट्टा तुटला किंवा त्याचे दात गेले.

पुढचे काम घाईचे नाही. आधी कॅम फिरवला आणि एखादा पिस्टन माथ्यावर असला तर उघडा व्हॉल्व्ह त्यावर आपटू शकतो. चार सिलिंडरच्या गाडीत क्रँक पाव फेरा फिरवली की चारही पिस्टन मध्यावर येतात. तीन सिलिंडरमध्ये तशी जागा नाही. तिथे एक पिस्टन पार तळाला न्यायचा, मग उरलेले दोन माथ्यापासून सारखेच खाली राहतात. नंतर कॅमच्या पुलीवरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आणि क्रँकच्या पुलीवरची खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणायची, ताणाची बाजू घट्ट ठेवत पट्टा चढवायचा आणि टेंशनर सोडायचा.

खुणा दिसत नसतील तर फियाटवाल्यांची युक्ती इथे लागू पडत नाही. मारुतीत क्रँकचे तीन कोन एकमेकांपासून 120 अंशांवर असतात आणि पहिल्या पिस्टनच्या जोडीने दुसरा कोणताच माथ्यावर येत नाही. पहिल्या सिलिंडरच्याच कॅमकडे पाहावे लागते. चौथ्या सिलिंडरची सवय लागलेले फिटर सुरुवातीला इथे अडत, आणि विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनावर हात बसलेले लवकर सुटत.

पट्टा चढला की क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवायची आणि खुणा पुन्हा पाहायच्या. मध्येच कठीण लागले तर जोर करायचा नाही, व्हॉल्व्ह अडला असे समजायचे. क्रँकच्या पुलीला समजा 20 दात असले तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकवर 18 अंश. गाडी सुरू होते, पण ओढत नाही आणि तापते. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहतात. एखाद्यात दाब नसला तर तिथला व्हॉल्व्ह वाकला असण्याची शक्यता मोठी, आणि मग हेड खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

डिसेंबर 1998 मध्ये आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनाने हा धोका वाढवला. डिझेलचा दाब मोठा, म्हणून पिस्टन माथ्यावर असताना वर जागा अगदी थोडी उरते. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकणे जवळजवळ ठरलेले. त्यात हाच पट्टा डिझेल पंपही फिरवत असल्याने क्रँक, कॅम आणि पंप अशा तीन ठिकाणच्या खुणा जुळवाव्या लागत. पट्टा, टेंशनर आणि सील एकदमच बदलायचे, ही शिस्त गॅरेजांना लागली त्यात या गाड्यांचा वाटा मोठा आहे.

पुढे मारुतीनेच पुन्हा चेनकडे वळण घेतले. के-मालिकेतली इंजिने, 2010 च्या अल्टो के-10 सह, चेनवर चालणारी होती. 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले, ओम्नीचे 2019 मध्ये आणि पट्ट्याच्या 796 सीसी इंजिनाची अल्टो 800 देखील 2023 मध्ये बंद झाली. नव्या गाड्यांत क्रँक आणि कॅम या दोघांवर सेन्सर असतात आणि टायमिंग एका दाताने सरकले तरी बरेचदा स्कॅनरवर दोष उमटतो. सेन्सर दोष दाखवतो, पट्टा बसवत नाही. जुनी 800, ओम्नी आणि अल्टो अजून गावोगाव धावत आहेत, पट्टे आणि टेंशनर दुकानांत मिळतात, आणि खुणा पुसलेल्या इंजिनासमोर पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह कधी हलतात तेच आजही पाहावे लागते.